पगार, मजुरी, मानधन, उचल : पैशाच्या नावावरून कामाचं नातं कसं ओळखायचं

पोळीचंच घ्या. कणीक तीच, तवा तसाच, लाटणारे हातही तेच. एका बाईने सकाळी घरच्यांसाठी वीस पोळ्या लाटल्या, तर सरकारी पाहणीच्या हिशेबी एवढ्यावरून ती कामगार ठरत नाही. अकरा वाजता समोरच्या सोसायटीत जाऊन तिने तितक्याच पोळ्या लाटल्या की ती कामगार होते आणि महिन्याला पगार घेते. दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवला, तर तिथे पगार नसतो, मानधन असतं. संध्याकाळी घरातूनच चार डबे भरून दिले की ती स्वयंरोजगारी. आणि गावच्या सप्ताहात महाप्रसादाच्या पोळ्या लाटल्या तर ती सेवा, तिथे पैशाचं नावसुद्धा काढायचं नाही.

हे सगळं एकाच दिवसात, एकाच बाईच्या बाबतीत घडू शकतं. पोळी कुणासाठी लाटली, कुणाच्या सांगण्यावरून लाटली आणि बदल्यात जे मिळालं त्याला काय म्हणायचं, एवढ्याच गोष्टी दर वेळी वेगळ्या होत्या. समाजशास्त्र कामाकडे बघताना नेमक्या याच गोष्टी धरून बसतं. काम म्हणजे श्रम. शरीर आणि डोकं दोन्ही त्यात झिजतं. रोजगार हे मात्र दोन पक्षांमधलं नातं आहे. ते करारातून येतं, तसंच जातीतून, लग्नातून, कर्जातून किंवा कायद्यातूनही येतं. हे नातं कोणत्या तऱ्हेचं आहे हे ओळखायला मराठीत एक सोपी खूण आहे. पगार, मजुरी, रोज, हजेरी, मानधन, उचल, खर्ची, वाराई, दस्तुरी, बलुतं, बिदागी, हे सगळे कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्याचेच शब्द आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. शाहिराला मजुरी दिली म्हटलं तर तो रागावेल आणि बिगाऱ्याला बिदागी दिली म्हटलं तर लोक हसतील.

मोजणीच्या फॉर्मवर कोण बसतं

नावांकडे जाण्याआधी, ज्यांच्या कामाला कसलंच नाव नाही त्यांच्याबद्दल. देशातला रोजगार मोजण्यासाठी २०१७ पासून पीएलएफएस नावाचं सर्वेक्षण होतं. त्यात घरातल्या प्रत्येकाला एक कोड मिळतो. स्वतःचा धंदा एकट्याने चालवणारा ११, घरच्या शेतीत किंवा दुकानात पैसे न घेता हात लावणारा २१, नियमित पगारदार ३१, रोजंदारीवरचा बहुतेक ५१, काम शोधणारा किंवा मिळालं तर करायला तयार असलेला ८१. फक्त घरकाम करणाऱ्याचा कोड ९२. घरकाम सांभाळून वर जळण, चारा, रानभाजी गोळा करणाऱ्याचा किंवा घरच्यापुरतं शिवणटिपण करणाऱ्याचा ९३. शेवटचे दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेरचे. म्हणजे ही माणसं कामगारही नाहीत आणि बेकारही नाहीत.

आता ही रेघ कुठे ओढली आहे ते जरा जवळून बघू. घरी म्हैस आहे. तिला पाळणं, धार काढणं हे आर्थिक काम, मग सगळं दूध घरातच संपलं तरी. पण त्याच दुधाचं विरजण लावून, ताक घुसळून, लोणी कढवून घरच्यासाठी तूप केलं की ते घरकाम. नियम असा आहे की शेती-पशुपालनातून निघणारा कच्चा माल घरच्यासाठी असला तरी धरायचा, त्यावर घरच्यासाठी केलेली पुढची प्रक्रिया धरायची नाही. तूप बाजारात विकलं तर मात्र सगळंच काम. पाहणी करणारा दारात येऊन घरातल्या पुरुषाला विचारतो, "या काय करतात?" आणि उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." म्हशीचा विषय निघालाच नाही तर २१ च्या जागी ९२ पडतो. बायकांच्या रोजगाराचे आकडे वर-खाली होतात त्यातला काही भाग या एका प्रश्नोत्तरात असतो.

म्हणूनच आकडे वाचताना घाई करू नये. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. पण यातली बरीचशी वाढ खेड्यांत आणि स्वयंरोजगारात आहे, आणि काम करणाऱ्या बायकांपैकी तिघींत एकीपेक्षा जास्त जणी कोड २१ मध्ये आहेत. त्यांच्या हातात पैसे येत नाहीत. त्या नव्याने राबू लागल्या, की राबत होत्याच आणि आता नोंदल्या गेल्या, हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी वेळ मोजावा लागतो. देशभराची पहिली वेळवापर पाहणी २०१९ मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच आकडे २८९ आणि ८८ निघाले.

बेकारीच्या आकड्याचंही असंच. २०२३-२४ मध्ये बेकारीचा दर ३.२ टक्के होता, असं एकीकडे वाचायला मिळतं आणि दुसरीकडे ४.९ टक्के. दोन्ही खरे. पहिल्यात मागचं पूर्ण वर्ष धरतात, दुसऱ्यात मागचे सात दिवस. सात दिवसांच्या मापात आठवड्यातल्या एखाद्या दिवशी निदान एक तास काम केलेला माणूस बेकार धरला जात नाही. चौकात सहा दिवस उभं राहून एक दिवस काम मिळालेला गवंडी हा कामगारच. शिवाय बेकार राहायलाही घरात दाणे लागतात. ज्याच्या घरात नाहीत तो मिळेल ते करतो, टोपली घेऊन बसतो. त्यामुळे बेकारीचा दर शिकलेल्यांमध्ये जास्त दिसतो. कमी बेकारी म्हणजे पुरेसा रोजगार, असा अर्थ काढणारा माणूस बहुधा पगारदार असतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर श्रमसंख्याशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ही गाठ थोडी सोडवली. स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी वस्तू-सेवा निर्माण करणं ते सगळं काम, आणि त्यातलं मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं तेवढं रोजगार. या व्याख्येत घरची पोळी काम ठरली. आपल्या बातम्यांत अजून ती पोचलेली नाही.

बलुतं ते पगार

बलुत्यात रोजगार नव्हता, काम मात्र भरपूर होतं. सुताराने नांगर करायचा, चांभाराने मोट शिवायची, महाराने गावकीची सगळी कामं करायची आणि खळ्यावर वर्षातून एकदा धान्याचा वाटा घ्यायचा. कुणी कुणाला कामावर ठेवत नव्हतं आणि काम सोडताही येत नव्हतं, कारण ते जन्माने आलेलं. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलेला मुद्दा इथला आहे : जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. महार वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडलं.

गिरणीचा पगार यापेक्षा वेगळा असायला हवा होता. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली. पुढच्या काही दशकांत कोकण आणि घाटावरून लाखो माणसं परळ-लालबागला आली. पुस्तकी सिद्धान्त असा की कामगार आपली काम करण्याची ताकद बाजारात विकतो आणि मालकाला तो कुठल्या जातीचा याच्याशी कर्तव्य नसतं. (ताकद विकतो, काम विकत नाही, हा मार्क्सचा बारीक पण मोलाचा मुद्दा. आठ तास विकत घेतले तरी त्या आठ तासांत किती काम निघेल हे ठरलेलं नसतं. देखरेख, दंड, बक्षीस, भोंगा हे सगळं त्या फटीसाठी.)

प्रत्यक्षात गिरणीच्या दारात उभा असायचा जॉबर. माणसं घेणं, कामाला लावणं, काढून टाकणं हे त्याच्या हातात. घेताना तो दस्तुरी, म्हणजे कामावर लावल्याबद्दलची लाच, खायचा. गावचा असेल तर खोलीची सोय करायचा, अडल्या वेळी पैसे द्यायचा, अर्थात व्याजाने. मालकांना हे माहीत होतं आणि तरी त्यांनी जॉबर दीर्घकाळ ठेवला. कारण सरळ होतं. कापडाची मागणी वर-खाली व्हायची, कधी जास्त माणसं लागत, कधी कमी, शिवाय रोज काही जण गैरहजर. जॉबरच्या गावातल्या आणि वस्तीतल्या ओळखींमुळे दारात कायम जादा माणसं तिष्ठत असायची. या जादा माणसाचं नाव बदली. १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्ड देण्याची पद्धत आली, तेव्हा जॉबरची पकड काहीशी सुटली. पण माणूस वर्षानुवर्षं बदलीच राहायचा ही तऱ्हा राहिली. आजच्या कारखान्यात वेगवेगळ्या रंगांच्या ओळखपत्रांनी कायम आणि कंत्राटी वेगळे दिसतात, त्या कंत्राटीचा आजोबा तो बदली.

आणि जात? ती धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात, होती, अगदी अक्षरशः. साचेखात्यात, म्हणजे विणाई विभागात, कांडीवरचं सूत संपलं की विणकर धोट्यात नवी कांडी घालतो. तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. झटपट उपाय म्हणजे भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. एकच धोटा पाळीपाळीने अनेकांच्या तोंडाला लागणार, त्यात दलिताचं तोंड नको. एवढ्या कारणावर दलित कामगारांना साचेखात्यात घेत नव्हते. पगार तिथे चांगला, आणि दलितांच्या वाट्याला सूतकताईकडची कमी पगाराची कामं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी ही बंदी उठवण्याची मागणी आंबेडकरांनी लावून धरली ती यासाठी. यंत्र विलायती, भांडवल मुंबईचं, आणि धोट्याच्या बारीक भोकात गाव.

हे जुनं झालं म्हणावं, तर सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये छापलेला प्रयोग आहे. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे ४,८०८ अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावलं जाण्याची संधी एक-तृतीयांशाने कमी निघाली आणि मुस्लिम नावाची दोन-तृतीयांशाने. मुलाखतसुद्धा झालेली नव्हती, नुसता कागद. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास शोधलं होतं की नोकऱ्या बहुतेक ओळखीतून लागतात, आणि त्यातही जवळच्या मित्रापेक्षा अधूनमधून भेटणाऱ्याकडून जास्त, कारण त्याच्याकडची बातमी आपल्याला आधी माहीत नसते. आपल्याकडे या लांबच्या ओळखीसुद्धा पुष्कळदा जातीच्या हद्दीतच फिरतात, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा उचलता येत नाही.

उचल

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर अर्धा कोयता. या एका शब्दात मजुरीचं सगळं गणित आहे. टनाचा भाव जोडीला मिळतो, हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो, आणि बाईचं काम वेगळं दिसतच नाही. फडात बघायला गेलं तर तो बुडातून ऊस तोडतो, ती पाचट सोलून कांड्या सारख्या करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे सुटले तर ते बहुतेक चहा-साखरेला. तिने रजा घेतली तर कोयत्याचा खाडा पडतो, आणि खाडा जोडीच्या हिशेबात कापला जातो. पाळी, बाळंतपण, ताप या सगळ्यांचा भाव यातून ठरतो. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. सरकारी पाहणीत तपासलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. ही फक्त आरोग्याची बातमी नव्हती. कोयता या मोजमापाचीही ती बातमी होती.

ऊसतोडीच्या पैशाला उचल म्हणतात कारण तो काम सुरू व्हायच्या आधी उचललेला असतो, पावसाळ्यात, घरात दाणा नसताना किंवा लग्न काढलेलं असताना. कारखाना वाहतूकदाराला देतो, तो मुकादमाला, मुकादम कोयत्याला. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ती कापून द्यायची. उदाहरणादाखल हिशेब करून बघू. उचल एक लाख. २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरल्यावर टनाचा भाव सुमारे ३६६ रुपये झाला. जोडीने रोज दोन टन तोडला तर दिवसाला ७३२, म्हणजे माणशी ३६६. एक लाख फिटायला २७३ टन, जवळजवळ १३७ दिवस. दुष्काळाने ऊस कमी पडला आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपला, तर फिटतात ७३,२०० आणि २६,८०० अंगावर राहतात. त्यात मध्ये घेतलेली खर्ची, म्हणजे किराण्यापुरते पंधरवड्याला मिळणारे पैसे, अजून धरलीच नाही. राहिलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते आणि जोडीला पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

पगारात काम आधी आणि पैसे नंतर, म्हणजे महिनाभर कामगार मालकाला उधार देत असतो. उचलीत पैसे आधी. ऐकायला हे मजुराच्या सोयीचं वाटतं, पण आधी घेतलेल्या पैशाने काम सोडण्याचा हक्क गहाण पडतो. मुकादमही काही सुखात नसतो. उचल घेऊन टोळी पळाली की त्याची जमीन जाते, आणि मग वसुलीसाठी माणसं डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. कर्जापायी माणसाचं काम निवडण्याचं स्वातंत्र्य गेलं की तो लागू होतो. उचल कुठपर्यंत आगाऊ मजुरी आणि कुठून पुढे वेठ, हा प्रश्न कागदावर सोपा असला तरी फडावर सोपा नसतो.

मानधन

या शब्दात मान पुढे आहे आणि धन मागे. आशा कार्यकर्ती ही योजना २००५ मध्ये आली. खेड्यात साधारण हजार वस्तीमागे एक. ती स्वयंसेविका आहे असं कागदावर लिहिलेलं आहे. स्वयंसेवेला पगार नसतो, त्यामुळे तिला किमान वेतन लागू नाही. कामागणिक मोबदला आणि वर मानधन. पण तिचं काम बघा : गरोदर बायांची नोंद, बाळंतपणाला दवाखान्यात नेणं, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणं, क्षयरोग्याच्या गोळ्यांवर लक्ष, रजिस्टर आणि हल्ली मोबाइलवरची माहिती. वरिष्ठ आहेत, उद्दिष्ट आहे, बैठकीला न गेल्यास बोलणी आहेत. नोकरीची एकूण एक लक्षणं दिसतात, एक नाव सोडून.

हे नाव का दिलं याचं उत्तर पुन्हा घरकामाकडे जातं. लेकरांना भरवणं, बाळंतिणीला जपणं हे बायकांना उपजत येतं, त्यात कौशल्य कसलं, ही समजूत योजना आखणाऱ्यांच्याही डोक्यात असते. अंगणवाडीतही सेविका आणि मदतनीस. शब्दच सेवेचा. १९७५ पासून चाललेल्या या योजनेतल्या बायकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तेव्हा युक्तिवादाचा मोठा भाग एकाच गोष्टीवर होता : त्यांना मिळतं ते मानधन की वेतन. न्यायालयाने शब्द बाजूला ठेवून काम बघितलं. शहरातली 'बाई' कागदोपत्री 'घरकामगार' झाली ती २००८ च्या महाराष्ट्राच्या कल्याण मंडळ कायद्याने. पण सुट्टी, वाढ, नोटीस अजून दोन बायकांमधल्या बोलण्यावर ठरतात.

वाराई आणि एक वेगळी युक्ती

हमालाचा मालक कोण? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रकवाल्याकडे. कामगार कायदे एका मालकाच्या दाराला बांधलेले असतात, आणि हमालाला असं दारच नाही. जगभरचे अभ्यासक ज्याला असंघटित क्षेत्र म्हणतात त्याचा हा नमुना. कीथ हार्ट यांनी घानातल्या आक्रा शहराचा अभ्यास करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली तेव्हा समज असा होता की विकास झाला की हे क्षेत्र आटेल. तसं घडलं नाही. भारतात २००४-०५ मध्ये सुमारे ९२ टक्के कामगार असे होते, आणि त्यातले कित्येक मोठ्या कारखान्यांच्या आतच, ठेकेदाराच्या हजेरीवर. क्षेत्र संघटित असलं तरी रोजगार असंघटित असू शकतो, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आजही शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांकडे लेखी करार नाही.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीचा, कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. त्यातली युक्ती साधी आणि हुशार आहे. मालक एकच असायला हवा ही अट काढून टाकायची आणि मध्ये एक मंडळ बसवायचं. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मालकाने नोंद करायची, हमालांनीही करायची, त्यांच्या टोळ्या पडतात. काम झालं की मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी म्हणजे लेव्ही मंडळाकडे भरायची. मजुरी टोळीत वाटली जाते, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. दिवसात पाच मालक बदलले तरी निधीचं खातं एकच.

बिघाड कुठे होतो तेही ठरलेलं आहे. नोंदणी टाळून मालक बाहेरची माणसं लावतो आणि लेव्ही वाचवतो. उलट बाजूने, माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे मागणाऱ्या टोळ्या उभ्या राहतात, आणि मग खऱ्या हमालाचंही नाव खराब होतं. वाराई, म्हणजे गाडी उतरवण्याचे पैसे, कुणी द्यायचे यावर ट्रकवाले आणि व्यापारी वर्षानुवर्षं भांडतात. तरीही वीस-पंचवीस मालकांचा एक कामगार निवृत्तीला निधी घेऊन घरी जाऊ शकतो हे या कायद्याने करून दाखवलं. डिलिव्हरीवाल्या पोरांच्या प्रश्नावर डोकं खाजवणाऱ्यांनी माथाडी जिथे राबतात त्या वाशीच्या घाऊक बाजारात एक दिवस घालवायला हरकत नाही.

कारण त्या पोरांना कंपनी 'पार्टनर' म्हणते, आणि पैशाला 'पेआउट'. भागीदाराला भाव ठरवता आला असता. इथे भाव अॅप ठरवतं, ऑर्डर नाकारली तर रेटिंग पडतं, पेट्रोल आणि गाडीचा हप्ता स्वतःचा, हॉटेलबाहेर थांबलेल्या वेळेचा हिशेब नाही. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या पहिल्यांदा आली, पण कर्मचारी म्हणून नव्हे. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कल्याण निधीत द्यायचे, एवढं. मुकादम नाही तरी माणूस रात्री अकराला रस्त्यावर का, याचं उत्तर मायकेल बुरावॉय यांनी शिकागोच्या एका कारखान्यात १९७० च्या दशकात स्वतः यंत्रावर काम करून दिलं होतं. नगावर पैसे असले की कामगार कोटा गाठण्याचा खेळ मांडतात, जिंकल्याचा आनंद खरा असतो, आणि खेळात रमलेला माणूस नियम कुणी केले हे विचारत नाही. वीस ऑर्डरींना इन्सेंटिव्ह असेल तर सतरावर पोचलेला मुलगा घरी जात नाही.

पगार थांबतो तेव्हा

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एका कापडगिरणीवर जगणारं गाव होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन मोजमाप केलं, तेही चमत्कारिक वाटावं असं : रस्त्यावरून जाताना माणूस किती वेळा थांबतो, वाचनालयातून किती पुस्तकं जातात. वेळच वेळ असूनही पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुषांना दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला तर उठलो, जेवलो, झोपलो, मधलं आठवत नाही. याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पैशाशिवाय आणखी काही गोष्टी नकळत देते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही करण्याची भावना, समाजातलं स्थान आणि हातांना नित्याची हालचाल. बायकांची चाल मात्र भराभर होती, वाटेत थांबणं कमी. गिरणीतलं काम त्यांचंही गेलं होतं, घरातलं गेलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगावात त्याच्या आधीपासून खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. दहा-बारा गड्यांना दोन वेळचं जेवण, पैसे पगाराच्या तारखेला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं होतं. पगार थांबला तशी खाणावळीची उधारी थांबली, आणि कित्येक गडी गावी निघून गेले. दुसऱ्या खोल्यांतून मात्र आजवर फक्त घरच्यांसाठी पेटणारे स्टो विकायच्या पोळ्यांसाठी पेटू लागले, काही जणी दादर-माहीमच्या घरांत धुणीभांडी धरायला निघाल्या. आजच्या फॉर्मवर लिहायचं तर नोकरी गेलेला नवरा पगारदाराच्या ३१ मधून बेकाराच्या ८१ मध्ये गेला. बायको घरकामाच्या ९२ मधून स्वतःच्या धंद्याच्या ११ मध्ये आली, आणि घरच्या पोळ्या पहाटे चारला उरकून मग विकायच्या लाटायला बसली.